एका रजेचा किनारा

समुद्रापर्यंत जायचं तर दोन रजा लागतात.
माझ्याकडे एकच होती, सोमवारची,
तीही फोरमननं तोंडातलं पान न थुंकता दिलेली.
म्हणून हिडकल.

पहाटे साडेचारला उद्यमबागेतून निघालो.
फौंड्रीच्या दारातून रात्रपाळीचा लाल उजेड
रस्त्यावर सांडलेला, त्यावरून चाक गेलं.
वॉचमन म्हणाला, "कुठं जाऊलास बे, एवढ्या अंधाराचं?"
"किनाऱ्याला."
तो जो हसला तो काकतीपर्यंत ऐकू येत राहिला.

हमरस्त्यावर ट्रक असा वारा टाकून जातात
की क्षणभर हँडल त्यांचंच होतं.
वंटमुरीचा घाट जाताना उताराचा.
येताना काय, ते येताना बघू;
पायांना सगळं आधी सांगायचं नसतं.

हत्तरगीला चहा. एक कप, मग आणखी एक.
फाट्यावरची पाटी कन्नडमध्ये.
वाचायला मला वेळ लागतो, पण ओळखतो झटकन,
गल्लीतली माणसं नाव न आठवता ओळखावीत तशी.

आणि मग डांबर संपलं
आणि पाणी.

मे महिना. इथं भरती वर्षातून एकदाच येते,
ओहोटी चांगली आठ महिने चालते.
उतरत गेलेल्या पाण्यानं काठावर
रेघ सोडली आहे, मग रेघ, मग रेघ,
चहाच्या न धुतलेल्या ग्लासात असते तशी.
खालच्या रेघेवर कुणीतरी काकडी लावली आहे.
पाणकावळे पंख वाळत घालून उभे,
त्यांना माझ्या घंटीचं काही नाही.

तळाची माती वाळून पत्र्यासारखी कडक.
मी तिच्यावरून सायकल घातली, मैल दीड मैल,
धरणाच्या पोटातून, टोपी काढून, ओरडत,
आणि बाभळीच्या काट्यावर गेलो.

लेथवर शतांश मिलिमीटर पकडणारा माणूस मी,
मला एक भोक सापडेना.
बादली नव्हती. म्हणजे, एवढं मोठं धरण होतं.
गुडघाभर पाण्यात जाऊन ट्यूब दाबली
आणि फिरवत राहिलो, वीतवीत.

"सिक्तेन री?"
हरगोलातून एक म्हातारा विचारत होता.
सिद्राय अंबिगेर. जाळं गुंडाळलेलं, विडी विझलेली.
नाही सापडलं, म्हटलं.
मग तो मराठीत आला, आमच्याकडच्या मराठीत:
"तू उभारलास न्हवं, ते आमच्या गोठ्याचं जोतं.
पलीकडं सैपाकघर. तिथं मासा बरा लागतो.
भिंतीत ऱ्हातोय त्यो."

पाणी आलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
सांगताना आवाज कुठेच हलला नाही;
बाजारभाव सांगावा तसं सांगितलं,
वरून मलाच विचारलं,
"एकटाच फिरतोस व्हय? भ्या न्हाई वाटत?"
जोडीला कुणी असलं की बोलावं लागतं, म्हटलं.
"मी बी एकटाच," म्हणाला.
मग वल्हं पाण्यात घालून थोडा थांबला.
"एकटा कसला. खाली हाईत की सगळी."

तेवढ्यात बुडबुडे आले.
माझ्या ट्यूबचेच होते, व्हॉल्व्हच्या जवळून,
बारीक, एकामागून एक.
तरी आम्ही दोघंही जरा गप्प राहून
ते बघत बसलो.

भोक बुजवलं. त्यानं काकडी दिली, पैसे घेतले नाहीत;
काकडी त्याची नव्हती हे मला नंतर सुचलं.

परतीचा वारा पूर्ण तोंडावर.
वंटमुरीत दोनदा उतरलो, तिसऱ्यांदा चढलोच नाही,
ढकलत आणली. एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून
बघितलं फक्त, आणि गेला.
घरी नऊ वाजले. चेनमधली माती
मोरीच्या फरशीवर पडली, राखाडी, चिकट,
कुणाच्या तरी अंगणातली.
ती मी लगेच धुतली नाही.

सकाळी टायर अर्धा बसलेला.
हवा जातेच आहे कुठूनतरी.
ट्यूब पुन्हा पाण्यात धरून बघावी लागणार.
बादलीतही मावेल तशी.

बघू, पुढच्या सोमवारी.